मेणबत्ती कोणाच्या हाती दिली होती?

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्या बहुतेक धर्मग्रामांत मातृदिन साजरा होऊ लागला आहे. मिस्सा आटोपल्यावर मंडपात खुर्च्या मांडल्या जातात, महिला मंडळाच्या भगिनी स्वागतगीत गातात आणि एखाद्या वयोवृद्ध मातेला 'आदर्श माता' म्हणून शाल, श्रीफळ आणि मानपत्र अर्पण केले जाते. मानपत्र लिहिण्याचे काम बहुधा धर्मगुरूच्याच गळ्यात पडते. माझ्या धर्मगुरूपदाच्या काळात अशी मानपत्रे मी किती लिहिली याची मोजदाद नाही. मजकूर ठरलेला असतो, फक्त नाव बदलावे लागते: पहाटे चारला उठणारी, सहाची मिस्सा कधी न चुकविणारी, सासू-सासऱ्यांची मनोभावे सेवा करणारी, मुलांना जपमाळेचे बाळकडू पाजणारी, पतीच्या व्यसनापायी सोसतानाही तोंडातून ब्र न काढणारी, स्वतःसाठी कधीही काही न मागणारी. शेवटच्या वाक्याला हमखास टाळ्या पडतात.

गेल्या वर्षी मी असेच मानपत्र वाचले. सत्कारमूर्ती सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या. शाल पांघरून झाल्यावर मी ध्वनिक्षेपक त्यांच्यापुढे धरला आणि म्हटले, "आजी, दोन शब्द बोला." आजी बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, तुम्ही वाचलं ते सगळं खरं आहे. पण हे आमचे हे होते तेव्हा वाचायला पाहिजे होतं. त्यांच्या कानावर गेलं असतं."

मंडपात हशा पिकला. मीही हसलो. रात्री मात्र ते वाक्य माझ्या उशाशी येऊन बसले. आजींनी विनोद केला नव्हता. चाळीस वर्षे ज्या घरातले सगळे ओझे एका बाईने वाहिले, त्या घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याबद्दल कोणी, अगदी त्याच्या धर्मगुरूनेही, कधी एक शब्द विचारला नव्हता. आणि ते ओझे हलके करण्याऐवजी मी त्याला मानपत्राची चौकट करून दिली होती.

वाचकहो, तेव्हापासून मी आपल्या घराघरांतून, लग्नाच्या मेजवानीतील भाषणांतून, धर्मशिक्षकांच्या सभांतून आणि (हे लिहिताना हात अडखळतो) आपल्याच प्रवचनपीठांवरून एक विधान फार लक्षपूर्वक ऐकू लागलो आहे. 'आई नोकरीला गेली आणि घरातली श्रद्धा गेली.' पूर्वी म्हणे आई घरी असे, म्हणून तिन्हीसांजेला घराघरांतून जपमाळेचा सूर ऐकू येई. आता ती लोकलला लटकते, म्हणून मुले मोबाइलला लटकतात. हे विधान आपल्याकडे इतक्या सहजतेने केले जाते, की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. मला ते साफ खोटे वाटते. खोटे आहे एवढेच नव्हे, तर अन्यायाचे आहे.

पूर्वीची आई घरी कधी होती, ते मला कोणी सांगावे. वसईच्या वाड्यांत वाढलेल्या माझ्या पिढीने आपल्या आज्या पाहिल्या आहेत. पहाटेच्या अंधारात डोक्यावर भाजीची, फुलांची, केळीच्या पानांची पाटी घेऊन त्या स्टेशन गाठीत आणि मुंबईच्या बाजारात जाऊन बसत. परत आल्यावर वाडीला पाणी लावायचे, गुरांचे पाहायचे, आवणीच्या दिवसांत चिखलात कंबर मोडेस्तोवर वाकायचे, उन्हाळ्यात केळी सोलून सुकेळी वाळत घालायची. कोळीवाड्यातल्या बायांचे काय सांगावे? मासळीची पाटी कोणासाठी थांबत नाही. ज्या आजीच्या जपमाळेची आपण आज आठवण काढून डोळे पुसतो, ती आजी आजच्या बँकेतल्या किंवा इस्पितळातल्या सुनेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, घराबाहेर राबलेली होती. फरक एवढाच, की तिच्या कामाला कोणी नोकरी म्हटले नाही आणि त्याचा पगारही तिच्या हाती राहिला नाही.

आणि आजच्या आईने जपमाळ सोडली आहे असेही नाही. विरार लोकलच्या महिलांच्या डब्यात सकाळी चार बाया एकमेकींना चिकटून उभ्या राहून दबक्या आवाजात रहस्ये म्हणत असतात. बोरिवली येईस्तोवर पन्नास 'नमो मरिया' पूर्ण होतात. त्यांचे पती पुढच्या डब्यात काय करीत असतात, हे त्यांनाच विचारा.

तेव्हा घरातली जपमाळ बंद पडली असेल तर तिचे कारण आईच्या पायात शोधू नका. ती बंद पडली, कारण ती एकाच खांद्यावर होती. ज्या खांबावर सारे छप्पर टेकलेले असते, तो थकला की आपण खांबाला दोष देतो. उरलेले खांब मुळात उभारलेच नव्हते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

या प्रश्नाकडे मी समाजशास्त्राच्या नव्हे, तर आपल्या श्रद्धेच्या अंगाने पाहणार आहे. कारण 'धर्माचे शिक्षण हे आईचे काम' हा समज आपण धर्माच्या नावाने खपवतो आणि धर्मात त्याला कोठेही आधार नाही.

बाप्तिस्म्याचा विधी आठवा. बाळाचे नाव काय, ख्रिस्तसभेकडून आपण काय मागता, हे प्रश्न एकट्या आईला विचारले जात नाहीत. दोघांना विचारले जातात. श्रद्धेत वाढविण्याची जबाबदारी आपणांस समजली आहे काय, याचे उत्तर दोघांनी मिळून द्यावयाचे असते. मग पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटविली जाते. ती कोणी पेटवायची? विधिपुस्तकातील सूचनेत उदाहरणादाखल ज्यांची नावे येतात, ती बाळाच्या वडिलांची किंवा धर्मपित्याची. आजवर शेकडो बापांना मी ती ज्योत पेटविताना पाहिले आहे. छायाचित्रकार तो क्षण टिपतो, छबी भिंतीवर लागते. मेणबत्ती मात्र चर्चच्या दारापर्यंत येईस्तोवर आईच्या पिशवीत गेलेली असते आणि पुढची वीस वर्षे तिथेच राहते. समारोपाच्या आशीर्वादात दोघांनाही बाळाचे श्रद्धेतील पहिले शिक्षक म्हटले आहे. या बहुवचनाचे आपण सोयीस्कर एकवचन करून टाकले.

पवित्र शास्त्रही आपल्या बाजूने नाही. इजिप्तमधून सुटकेच्या रात्रीचा अर्थ मुलांनी विचारला तर तो सांगावा, ही आज्ञा इस्राएलच्या घराण्यांतील कर्त्या पुरुषांच्या माथी होती. आजही ज्यू कुटुंबात वल्हांडणाच्या मेजावर लहान मूल प्रश्न विचारते आणि त्याची उत्तरे देण्याचा मान परंपरेने वडिलांचा असतो. संत पौलाने इफिसकरांना लिहिताना मुलांना प्रभूच्या शिस्तीत आणि शिकवणुकीत वाढविण्याची सूचना केली आहे. ती कोणाला? बापांना. हाच पौल पत्नींनी पतींच्या अधीन असावे असे लिहितो, ते वाचन आपल्या पुरुषमंडळींना तोंडपाठ असते. त्याच पत्रात पुढच्याच अध्यायात आपल्या नावाने आलेली आज्ञा मात्र त्यांच्या दृष्टीस पडत नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो, तेव्हा मरिया त्याला आपली व्यथा सांगताना योसेफाचा उल्लेख आधी करते, स्वतःचा नंतर. तीन दिवस दोघांनी मिळून शोधले होते. योसेफ बाजारात निघून गेला आणि मरिया एकटी हिंडली, असे संत लूकने लिहिलेले नाही.

कोणी म्हणेल, 'फादर, तीमथ्याला श्रद्धा आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाली, हे पौलानेच लिहिले आहे ना?' होय, लिहिले आहे. पण प्रेषितांची कृत्ये उघडून पाहा: तीमथ्याचे वडील ग्रीक होते, आई यहुदी आणि विश्वासी. जिथे पतीचा श्रद्धेशी संबंध नव्हता, तिथे त्या दोघींनी एकट्याने तो भार पेलला. आपल्या घरी बाप बाप्तिस्मा घेतलेला, दृढीकरण झालेला, चर्चच्या सणाला गुलाबी पागोटे बांधून मिरवणुकीत चालणारा असतो. त्याच्या बायकोने युनीके का व्हावे?

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील सद्गुणी स्त्री हे तर आपल्या मानपत्रांचे मूळच. मीही ते वाचन कितीदा आळवले आहे. पण एकदा नीट वाचा. ती स्त्री शेत पाहते, विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना विकते. शिवाय तिच्या घरी दासी आहेत. पहाटे उठून ती त्यांना कामे नेमून देते. दासी असलेल्या स्त्रीची दिनचर्या आपण दासी नसलेल्या स्त्रीपुढे आदर्श म्हणून ठेवतो आणि वर म्हणतो, बघा, हिला जमले, तुला का नाही? त्या कवितेचा शेवट तर आपण वाचतच नाही. तिच्या हातांचे फळ तिला द्यावे, असे तिथे सुचविले आहे. शालीविषयी तिथे काही नाही.

आता संत मोनिका. दर 27 ऑगस्टला तिचा सण येतो आणि आम्ही धर्मगुरू तिच्या अश्रूंवर बोलतो. संत अगस्तीनने आपल्या 'कबुलीजबाबा'च्या नवव्या भागात आईचे चित्र रेखाटले आहे. नवरा पात्रिसियुस तापट, बाहेरख्याली. तिने सोसले, प्रार्थना केली, मृत्यूपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे 387 साली मिलान येथे संत अंब्रोजच्या हातून अगस्तीनचाही बाप्तिस्मा झाला. हे सारे खरे आणि थोर आहे. पण मी त्याचे काय केले ते सांगतो. तरुणपणी, एका लहानशा धर्मग्रामात असताना, एक बाई माझ्या कचेरीत आली. नवरा पिऊन मारीत असे. कपाळावरची खोक तिने पदराने झाकली होती. मी तिला संत मोनिकेची गोष्ट सांगितली, एक जपमाळ दिली आणि घरी पाठविले. तेव्हा मला वाटले होते, आपण धर्मगुरूचे कर्तव्य केले. चौथ्या शतकातील एका स्त्रीने जे सोसले ते सोसण्याखेरीज तिला दुसरी वाट नव्हती. माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईला होती आणि ती दाखविणे माझे काम होते. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या कायदेसंहितेत 1153 व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला, पती-पत्नीला किंवा मुलांना गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण होय. ते कलम मी सेमिनरीत शिकलो होतो, त्यावर परीक्षा दिली होती. त्या दिवशी मला ते आठवले नाही, गोष्ट आठवली. परमगुरू फ्रान्सिस यांनी 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात लिहिले, की दुर्बल जोडीदाराला किंवा लहान मुलांना अत्याचारापासून वाचविण्यासाठी वेगळे होणे काही वेळा नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. 'आवश्यक' हा शब्द धर्मगुरूंनी आपल्या मेजाच्या काचेखाली लिहून ठेवावा असा आहे. त्या बाईचे पुढे काय झाले, हे मला कळले; ते इथे सांगण्याचा मला अधिकार नाही.

'म्हणजे फादर, मातृत्वाचा त्याग तुम्हांला नको?' असा आक्षेप येईल, तो मला दिसतो आहे. त्याग हवा, त्यागावाचून कोणतेही प्रेम उभे राहत नाही, हे क्रूसासमोर गुडघे टेकणाऱ्याला शिकवावे लागत नाही. पण ख्रिस्ताने आपला प्राण कोणी हिसकावून घेत नाही, आपण होऊन देतो, असे म्हटले आहे. जे आपण होऊन दिले, तो त्याग. जे दुसरा कोणी करीत नाही म्हणून गळ्यात पडले, त्याला त्याग म्हणून गौरविणे ही करणाऱ्यापेक्षा न करणाऱ्याची सोय आहे.

घरकामात देव नाही, असेही मी म्हणत नाही, उलट आहे. आविलाची संत तेरेजा आपल्या भगिनींना बजावीत असे, की स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही प्रभू वावरतो. आपल्या आयांना मात्र आपण देव फक्त चर्चच्या चार भिंतींत शिकवला आणि मग त्यांना भिंतीबाहेर अडकवून ठेवले. पापनिवेदनात काय ऐकले ते धर्मगुरूने बोलायचे नसते. पण चर्चच्या आवारात, आजाऱ्याच्या खाटेशेजारी, ओट्यावर चहा घेताना जे कानी पडते, त्यावरून सांगतो: मूल तापाने फणफणले म्हणून रविवारची मिस्सा चुकली, या गोष्टीने आपल्या तरुण आया आठवडाभर स्वतःला खात असतात. त्यांनी 'कॅथोलिक धर्मशिक्षण' या 1992 च्या ग्रंथातील 2181 वा परिच्छेद कोणाकडून तरी वाचून घ्यावा. मिस्सा चुकण्याची सबळ कारणे देताना तिथे दोन उदाहरणे आली आहेत: आजारपण आणि तान्ह्या बाळांची देखभाल. ख्रिस्तसभा जिला दोष देत नाही, ती स्वतःला दोष देते. आणि प्रवचन सुरू होताच मागच्या दाराने बाहेर पडून मोटरसायकलीवर रेलून गप्पा मारणारा तिचा नवरा? त्याच्या मनाला काडीइतकाही डंख नाही. रडक्या मुलाला घेऊन पोर्चमध्ये फेऱ्या मारणारा एक बाप दाखवा. मी त्या दिवशी प्रवचन आखडते घेईन. (काही जण याच आशेने मुलांना घेऊन येतील, तेही चालेल.)

आमच्या मठवासी-ब्रह्मचारी लोकांच्या तोंडी हे शोभते का, असेही कोणी पुटपुटेल. शोभत नाही, हे खरे. माझे ताट मला आयते मिळते. ज्या बाई ते वाढतात, त्यांच्या घरी त्या वेळी कोण वाढते, हे मी फार उशिरा विचारले.

तेव्हा माझे राहू द्या. एका घराचे उदाहरण घेऊ. बाळ येशूची संत तेरेजा आपल्या घराघरांत छबीच्या रूपाने आहे. तिच्या आई-वडिलांना, झेली आणि लुई मार्टिन यांना, 18 ऑक्टोबर 2015 रोजी परमगुरू फ्रान्सिस यांनी संतपद बहाल केले. एकाच वेळी संत म्हणून घोषित झालेले हे पहिलेच दाम्पत्य. झेलीबद्दल आपण काय सांगतो? पाच मुली जोगिणी झालेल्या पवित्र मातेची कथा. ते खरेच. पण झेली ही फ्रान्समधील आलांसाँ गावची लेस विणणारी कारागीर होती. तिचा स्वतःचा व्यवसाय होता, तिच्या हाताखाली विणकर बाया होत्या, मागण्या वेळेवर पूर्ण होतील की नाही या चिंतेत तिच्या रात्री जात. नऊ मुले झाली, चार लहानपणीच दगावली. अंगावर दूध पुरेना म्हणून तान्ह्या तेरेजाला तिला जवळजवळ वर्षभर एका खेडवळ दाईकडे ठेवावे लागले. आजच्या एखाद्या सुनेने असे केले असते तर आपल्या आळीत काय बोलले गेले असते, कल्पना करा.

आणि लुई? तो घड्याळजी होता. 1870 साली त्याने आपले दुकान भाच्याला विकले आणि पत्नीच्या लेसच्या धंद्यात मदत करू लागला. दीडशे वर्षांपूर्वी, नवऱ्याने आपला व्यवसाय सोडून बायकोच्या व्यवसायाला खांदा दिला. स्तनाच्या कर्करोगाने 28 ऑगस्ट 1877 रोजी झेली गेली, तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि तेरेजा साडेचार. त्यानंतर पाच मुलींना लुईने वाढविले. संत कशी प्रार्थना करतात हे आपल्याला वडिलांकडे पाहून कळे, अशा अर्थाचे तेरेजाने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. 'वडिलांकडे पाहून.' आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील किती मुलांना हे लिहिता येईल?

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1964 साली कुटुंबाला छोटी ख्रिस्तसभा म्हटले, तेव्हा आई-वडील दोघांना मुलांचे पहिले सुवार्तिक ठरविले. परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या कुटुंबविषयक पत्रात पुरुषांसाठी, पती आणि पिता म्हणून, स्वतंत्र परिच्छेद लिहिला. घरकामात किंवा मुलांच्या संगोपनात हात लावल्याने पुरुषाचे पुरुषपण उणावत नाही, हे तर परमगुरू फ्रान्सिस यांना 2016 साली शब्दांत सांगावे लागले. ही सारी पत्रे आमच्या धर्मग्राम कचेरीच्या कपाटात आहेत. त्यांवर जमलेली धूळ मी स्वतः पुसली.

यंदाच्या मातृदिनी मी मानपत्र लिहिले नाही. महिला मंडळ थोडे नाराज झाले. अध्यक्षबाईंनी मला दोन दिवस 'फादर' एवढेच म्हटले, पुढचे वाक्य बोलल्या नाहीत. त्याऐवजी बाप्तिस्म्यापूर्वी पालकांची जी तयारी-बैठक असते, तिथे मी एक प्रश्न विचारू लागलो आहे आणि तो फक्त बापांना: 'बाळाला पहिली प्रार्थना कोणती शिकवणार?' बहुतेक जण बायकोकडे बघतात. बायका उत्तर देऊ लागतात. मी त्यांना हाताने थांबवतो. गेल्या महिन्यात एक तरुण बाप बराच वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "फादर, मलाच प्रभूची प्रार्थना सगळी येत नाही. मध्ये अडकतो."

इतक्या वर्षांत कोणत्याही बापाने मला असे प्रामाणिक उत्तर दिले नव्हते. मी त्याला गुरुवारी संध्याकाळी कचेरीत यायला सांगितले. येईल अशी आशा नव्हती. आठ वाजून गेले तेव्हा फाटकाशी मोटरसायकल थांबली. मूल त्याच्याच छातीशी बांधलेले होते, दुधाची बाटली शर्टाच्या खिशात. "हिची लोकल लेट आहे," तो म्हणाला, "पण बसूया आपण."